हृदयापर्यंत जाणारी नळी

लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठातील लारी हृदयरोग केंद्रात दूरदूरच्या जिल्ह्यांतून रुग्ण येतात. हृदयात नळी घालून तपासणी करावी लागेल, असे ऐकताच छाती उघडणार की काय, ही शंका लखनौत काय किंवा सोलापुरात काय, सारखीच मनात येते. तसे काही होत नाही.

ही वाट प्रथम चोखाळली ती जर्मनीतील वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने. १९२९ साली त्याने स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवली आणि तशाच स्थितीत चालत जाऊन क्ष-किरण चित्र काढवून घेतले! १९५६ मध्ये त्याला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

आज ही तपासणी बहुधा मनगटातील, क्वचित जांघेतील रोहिणीतून करतात. तत्पूर्वी काही तास उपाशी राहावे लागते. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, एखाद्या औषधाचे वावडे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. भूल केवळ त्या जागेपुरती असते; रुग्ण जागाच असतो. सुमारे दोन मिलिमीटर जाडीची नळी आत सरकताना सहसा जाणवत नाही, कारण रोहिणीच्या आतील बाजूस वेदनेची जाणीव नसते. क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य सोडल्यावर मात्र अंगातून ऊब पसरल्यासारखी वाटते. त्याने घाबरू नये. धोका अगदीच नाही असे नव्हे. तथापि केवळ तपासणीत मृत्यूचे प्रमाण साधारणतः हजारांत एक किंवा त्याहूनही कमी असते.

खरी कसोटी लागते ती बाहेर बसलेल्या आप्तांची. अडथळा दिसल्यास, “स्टेंट आताच बसवावा काय?” असा प्रश्न त्यांच्यापुढे येतो. हृदयविकाराचा तीव्र झटका आलेला असेल तर विलंब घातक ठरतो, तेथे शंका काढीत बसू नये. परंतु प्रकृती स्थिर असल्यास औषधे, स्टेंट वा शस्त्रक्रिया यांपैकी काय हितावह, हे विचारण्यास बहुधा अवसर असतो. ही चर्चा आदल्या दिवशीच रुग्णासमक्ष करावी. संमती त्याची असते, हे आपल्याकडे पुष्कळदा विसरले जाते.

घरी आल्यावर मनगटावर थोडा काळानिळा डाग राहील. रक्त वाहू लागल्यास ती जागा बोटांनी घट्ट दाबून धरावी व तत्काळ रुग्णालय गाठावे.