शोभिवंत माशांच्या टाकीसाठी घरगुती गाळणी

मालवण, वेंगुर्ले व देवगड या किनारी तालुक्यांत अलीकडे काही कुटुंबे आणि महिला बचत गट गप्पी, मोली, गोल्डफिश यांसारखे गोड्या पाण्यातील शोभिवंत मासे पाळू लागले आहेत. पुष्कळदा पहिल्या महिन्यातच मासे मरू लागतात. पाणी तर स्वच्छ दिसते. मग दोष कोठे, असा प्रश्न ग्रामसेवकास विचारला जातो. दोष बहुधा गाळणीचा असतो.

गाळणीचे खरे कार्य

माशांची विष्ठा व उरलेले खाद्य यांपासून अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, परंतु माशांस विषारी असतो. खडीच्या पृष्ठभागावर वाढणारे जिवाणू प्रथम अमोनियाचे नायट्राइट व नंतर नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही घातक असते. नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य. रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय अनेकांनी पाहिले असेल. मोठ्या मत्स्यालयातील गाळणीतही हेच कार्य चालते. म्हणून गाळणी ही केवळ चाळणी नसून ती एक जिवंत वस्तू आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

रचना

२ मीटर लांब, १ मीटर रुंद व अर्धा मीटर पाण्याची खोली असलेल्या टाकीत १,००० लिटर पाणी मावते. तिच्यासाठी २०० लिटरचे प्लास्टिकचे पिंप पुरते. रसायनांचे पिंप मात्र कदापि वापरू नये. पिंप टाकीच्या काठाहून उंच अशा चिऱ्यांच्या भक्कम ओट्यावर ठेवावे, कारण भरल्यावर त्याचे वजन २०० किलोंच्या आसपास जाते.

तळाशी कालवांचे शिंपले उकळून व वाळवून १५ सेंटिमीटर जाडीचा थर द्यावा. जांभ्या जमिनीतील विहिरीचे पाणी बहुधा मृदू व किंचित आम्लधर्मी असते. जिवाणूंच्या कार्याने ते अधिक आम्ल होते. शिंपल्यांतील चुन्याने हा दोष आवरला जातो. यासाठी समुद्रातील प्रवाळ आणू नये. प्रवाळास कायद्याचे संरक्षण आहे आणि मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ सालीच घोषित झालेले आहे.

शिंपल्यांवर सुपारीएवढ्या काळ्या खडीचा ३५ सेंटिमीटर थर द्यावा. सर्वांत वर काथ्या पसरावा; तो आधी काही दिवस भिजवून, तांबडे पाणी सुटेनासे होईपर्यंत धुवावा. त्यावर छिद्रे पाडलेले ताट ठेवून ताशी सुमारे १,००० लिटर पाणी चढविणाऱ्या पंपाने पाणी सोडावे. ते थेंबाथेंबाने झिरपून तळाच्या नळीने टाकीत परत येईल. येणारी नळी २५ मिलिमीटरची असल्यास जाणारी ५० मिलिमीटरची ठेवावी, म्हणजे पिंप तुंबणार नाही.

घ्यावयाची काळजी

जिवाणू पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर थोडेच मासे सोडावेत व खाद्य बेताचे द्यावे. निरोगी जुन्या टाकीतील मूठभर ओली खडी घातल्यास हे काम लवकर होते. काथ्या मळल्यास तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात खळबळावा. खडी नळाच्या पाण्याने घासून धुतल्यास महिन्याची कमाई एका दिवसात नाहीशी होते.

पावसाळ्यात विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली जाते. असे पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मगच वापरावे. वादळवाऱ्यात वीज गेल्यास दर अर्ध्या तासाने टाकीतील एक-दोन बादल्या पाणी ताटावर ओतावे. त्याने माशांस हवा मिळते आणि खडी ओली राहून जिवाणू जगतात. वीज नसताना खाद्य देऊ नये.

नायट्रेट मात्र गाळणीने जात नाही. त्यासाठी आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे. काढलेले पाणी माड, पोफळी व परसातील भाजीस उत्तम खत होय. नको झालेले मासे ओहोळात वा तळ्यात कधीही सोडू नयेत.

बाजारातील महागड्या उपकरणावाचून हे साधते. खर्च थोडा आहे. नियमितपणा मात्र रोजचा हवा. ग्रामसेवकांनी गावात अशी एक टाकी उभी करून दाखवावी आणि गाळणी परिपक्व होईपर्यंत धीर धरण्याचा सल्ला सर्वांस आवर्जून द्यावा.