मुलांच्या मनाचा डॉक्टर कसा घडतो?

जानेवारी २०२५ मध्ये आपल्या शेगाव तालुक्याचे नाव देशभर गाजले. बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस गळू लागले, काही दिवसांत टक्कल पडू लागले. आयसीएमआरचे पथक आले, नमुने घेतले गेले, वर्तमानपत्रांत रोज बातम्या आल्या. हे सगळे व्हायलाच हवे होते. पण केस गळताना डोळ्यांना दिसतात. मुलाचे मन खचताना कुणाला दिसत नाही, त्यासाठी पथक येत नाही.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार असल्याचे आढळले. म्हणजे साठ पोरांच्या वर्गात साधारण चार. २०२१ या एका वर्षात महाराष्ट्रात १,८३४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्या वर्षी देशात सर्वांत जास्त आकडा आपल्याच राज्याचा होता.

या मुलांसाठी वेगळा डॉक्टर असतो. त्याला बाल व किशोर मानसोपचारतज्ज्ञ म्हणतात. तो कोण, काय शिकतो आणि आपल्या वस्तीतल्या लेकराला त्याच्यापर्यंत कसे पोचवायचे, ते या वेळी समजून घेऊ.

शिक्षण किती वर्षांचे?

बारावीनंतर नीट परीक्षा, मग एमबीबीएस. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षे. पुढे मानसोपचार विषयात एमडी, तीन वर्षे. इथपर्यंत शिकलेला डॉक्टर मानसोपचारतज्ज्ञ होतो आणि लहान-मोठ्या सगळ्यांना तपासू शकतो. पण या तीन वर्षांत मुलांच्या विभागात त्याचे थोडेच महिने जातात. बाकीचा वेळ मोठ्यांच्या आजारात जातो.

ज्याला फक्त मुलांचेच काम करायचे आहे तो पुढे आणखी शिकतो. त्याला दोन वाटा आहेत. एक म्हणजे फेलोशिप. एमडीनंतर मुलांच्या विभागात, अनुभवी तज्ज्ञाच्या हाताखाली राहून घेतलेले हे प्रशिक्षण साधारण वर्षभराचे असते. दुसरी वाट म्हणजे डीएम ही तीन वर्षांची पदवी. बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या मोठ्या संस्थांत ती मिळते. साडेपाच, तीन आणि तीन मिळून साडेअकरा वर्षे झाली. अशा जागा देशभरात मोजक्याच आहेत. आधीच आपल्या देशात एक लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही पुरता येत नाही. त्यातून मुलांचे तज्ज्ञ किती असतील याचा विचार करा.

हे काम आपल्याकडे नवे मात्र नाही. १९३७ साली मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्कने, म्हणजे आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने, मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र सुरू केले. देशातले ते पहिले मानले जाते. सुरुवात महाराष्ट्रात झाली, पण ती सोय अजून खेड्यापाड्यांत पोचलेली नाही.

एवढे वेगळे काय शिकवतात?

समजा, सातवीतला एक मुलगा आहे. दर सोमवारी सकाळी त्याचे पोट दुखते. आई दवाखान्यात नेते, गोळी मिळते, दुपारी तो गल्लीत खेळतो. घरचे म्हणतात, नाटकं करतो, आणि मार देतात.

केवळ मोठ्यांना तपासायची सवय असलेला डॉक्टर विचारेल, "तुला उदास वाटतं का?" मुलगा मान हलवून नाही म्हणेल. बारा वर्षांच्या पोराजवळ त्या भावनेला शब्दच नसतो. मुलांचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर आधी त्याच्या हातात कागद-पेन्सिल देतो, चित्र काढायला सांगतो, त्याच्याशी खेळतो. मग हळूच विचारतो, वर्गात कुठे बसतोस? डबा कुणासोबत खातोस? सर कुठल्या नावाने हाक मारतात? वाचायला उभे केले की काय होते? आईला वेगळे विचारतो, बापाला वेगळे, आणि शिक्षकांकडून माहिती मागवतो.

यातून तीन वेगवेगळी उत्तरे निघू शकतात. कदाचित मुलाला अक्षरे उलटसुलट दिसतात, वाचता येत नाही. ती अध्ययन अक्षमता असते, त्याला 'ढ' म्हणणे चूक आहे. कदाचित घरी रोज रात्री दारू आणि मारझोड होते, आणि आपण शाळेत गेलो तर आईला कोण सोडवेल या भीतीने त्याचा पाय उंबऱ्याबाहेर निघत नाही. किंवा कदाचित वर्गात त्याला जातीवरून टोमणे मारले जातात. पोटदुखी एकच, पण उपाय तीन. पहिल्याला वाचनाचे खास शिक्षण हवे, दुसऱ्याला घराचे समुपदेशन आणि तिसऱ्यासाठी पालकांनी शाळेत जाऊन जाब विचारायला हवा. गोळी तिघांपैकी कुणालाही पुरणार नाही.

प्रशिक्षणाचा गाभा हा आहे. कोणत्या वयात मुलाने काय बोलावे, काय करावे हे शिकवतात. स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, अतिचंचलता, बौद्धिक अक्षमता, नैराश्य, भीती, स्वतःला इजा करून घेणे, व्यसन हे सगळे मुलांमध्ये कसे दिसते ते शिकवतात. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाशी कसे बोलावे हे शिकवतात. आणि औषध लागलेच तर मुलाच्या वजनाप्रमाणे किती द्यायचे, कधी थांबवायचे, हेही शिकवतात.

भीती कशाची, हक्क कशाचा?

आम्ही वस्त्यांमध्ये फिरतो तेव्हा दोन भीती हमखास ऐकतो. पहिली, "लेकराला शॉक देतील." मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ नुसार अठरा वर्षांखालील मुलांना विजेचा शॉक देण्यास मनाई आहे. अगदी गरज भासली तर पालकांची संमती आणि मंडळाची आधी परवानगी लागते. कुणालाही साखळीने बांधणे हे तर याच कायद्याने बंद केले आहे. दुसरी भीती, "लोक पागल म्हणतील, पोरीचं लग्न होणार नाही." अशा वेळी आम्ही आईला एवढेच विचारतो की तापाला दवाखाना चालतो, मग मनाला का नाही?

तथागतांनी मनालाच आधी स्थान दिले. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला दिलेल्या बावीस प्रतिज्ञा आपण विहारात म्हणतो. तरीही मूल रात्री दचकून ओरडू लागले की आपल्यातलेही काही जण लिंबू, धागा, अंगारा शोधतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला मारणे, बांधणे हा राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आणि उपचाराला झालेला उशीर मुलाला महागात पडतो.

हा २०१७ चा कायदा आणखी एक गोष्ट देतो. मुलांसाठीच्या मानसिक आरोग्यसेवा सरकारने पुरवाव्यात असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. जात, धर्म, लिंग यावरून भेदभाव करता येत नाही. दारिद्र्यरेषेखालील माणसाला, कार्ड असो वा नसो, सरकारी ठिकाणी हे उपचार मोफत मिळाले पाहिजेत.

केव्हा न्यावे?

पुढीलपैकी काही दोन आठवड्यांहून जास्त टिकले तर थांबू नका.

• मूल शाळा टाळते, अभ्यास एकदम घसरला
• झोप, भूक बिघडली, खेळ आणि मित्र सुटले
• सतत चिडचिड, तोडफोड, घरातून निघून जाणे
• डोके-पोट दुखते, तपासणीत काही सापडत नाही

काही गोष्टींत दोन आठवडेही थांबू नका. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल किंवा हाक मारल्यावर बघत नसेल तर लगेच दाखवा. मूल मरणाची भाषा बोलत असेल किंवा स्वतःला इजा करत असेल तर त्याच दिवशी न्या. तोवर त्याला एकटे ठेवू नका. फवारणीचे औषध, उंदराचे औषध कुलपात ठेवा.

शेगावातून कुठे जायचे?

अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते. त्यांना मुलाच्या वागण्याबद्दल मोकळेपणाने सांगा, फक्त दात आणि डोळे दाखवून परतू नका. नंतर आपले सईबाई मोटे रुग्णालय आहे, जवळच खामगावचे सामान्य रुग्णालय आहे. तिथे किशोरांसाठीच्या 'मैत्री' क्लिनिकची चौकशी करा. पुढची चिठ्ठी लागली तर बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय किंवा अकोल्याचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. अकोला रेल्वेने तासाभराच्या आत आहे. जाताना शाळेची वही, प्रगतीपत्रक आणि जुन्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. मूल बोलत नसले तरी त्याची वही बोलते.

घरबसल्या सल्ला हवा असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. मुलावर अत्याचार होत असेल तर १०९८ लावा.

अध्ययन अक्षमता आणि ऑटिझम २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहेत. प्रमाणपत्र असेल तर दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. अनेक पालकांना हे कळते तेव्हा मूल नापास होऊन शाळा सोडून गेलेले असते.

आपल्यातून डॉक्टर का नाही?

एमडीपर्यंत आपल्या मुलांना आरक्षण आहे. त्यापुढे नीट-एसएसमधून भरल्या जाणाऱ्या डीएमसारख्या जागांना मात्र अनुसूचित जाती-जमातींचे आरक्षण नाही. आत गेल्यावरही वाट सोपी नसते. २२ मे २०१९ ला मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी या आदिवासी डॉक्टरने जीवन संपवले. वरिष्ठ सहकाऱ्यांवर जातीवरून छळाचा आरोप झाला, खटला उभा राहिला. म्हणून शिकायला गेलेल्या मुला-मुलीला आठवड्यातून एकदा फोन करून "पैसे पुरतात का?" एवढेच विचारू नका. "तिथं कुणी त्रास देतं का?" हेही विचारा.

सगळ्यांनी डॉक्टरच व्हावे असे नाही. नर्सिंगचा डिप्लोमा झालेल्या मुलींसाठी मानसिक आरोग्य नर्सिंगचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. समाजकार्य शिकलेल्यांना मानसोपचार समाजकार्याची वाट आहे. मुलाच्या उपचारात या दोघांचे काम डॉक्टरइतकेच मोठे असते. आणि 'आडनाव काय?' या प्रश्नाने लेकराच्या पोटात गोळा का येतो, हे आपल्यातून गेलेल्या मुलीला समजावून सांगावे लागत नाही.

तोवर दोन कामे करता येतील. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन झाले की दहा मिनिटे मुलांच्या बोलण्यासाठी ठेवा, मोठ्यांनी फक्त ऐकायचे. आणि महिला मंडळाने रुग्णालयाला एक अर्ज द्यावा. मुलांना तपासणारा मानसोपचारतज्ज्ञ आमच्या तालुक्यात महिन्यातून कोणत्या दिवशी बसतो? बसत नसेल तर केव्हापासून बसेल? उत्तर लेखी मागावे, पोच घ्यावी आणि ती विहाराच्या फळ्यावर लावावी.

जय भीम! नमो बुद्धाय!