‘बधिर’ शब्दाचीं दोन घरें



आजच्या भाषणाचा विषय एक इंग्रजी क्रियापद हा आहे. तें लिहितांना एन्, यू, एम्, बी अशीं चार अक्षरें येतात. उच्चारतांना मात्र शेवटचें अक्षर गाळून नुसतें ‘नम्’ असें म्हणावयाचें. शरीराची किंवा मनाची जाणीव नाहींशी करणें हा त्याचा अर्थ. शाळेंतला मुलगा कोश उघडतो, ‘बधिर करणें’ हा प्रतिशब्द पाहतो आणि काम संपलें असें समजतो. वास्तविक अडचणीला प्रारंभ तेथेंच होतो.

प्रथम या शब्दाचें कूळ पाहूं. जुन्या इंग्रजींत ‘निमन्’ असें एक क्रियापद होतें. त्याचा अर्थ ‘घेणें’. जर्मन भाषेंतील ‘नेमन्’ हें त्याचेंच भावंड असून तें आजहि प्रचारांत आहे. ‘नम्’ हा त्या धातूपासून झालेला शब्द; त्याचा मूळ अर्थ ‘घेतलेला’, ‘हिरावलेला’. ज्या अवयवाची जाणीव हिरावली गेली तो ‘नम्’. मौज अशी कीं, चपळ या अर्थाचा ‘निंबल्’ हा शब्दहि याच कुळांतला आहे. चटकन् घेतो तो चपळ, आणि ज्याचें घेतलें गेलें तो बधिर! शेवटचें ‘बी’ मागाहून येऊन चिकटलें. अंगठ्याला ‘थम्’ आणि अवयवाला ‘लिम्’ म्हणतात, त्या शब्दांच्या शेवटच्या ‘बी’चीहि तीच कथा आहे.

आतां आपल्या शब्दाकडे वळूं. संस्कृतांत ‘बधिर’ म्हणजे ज्याला ऐकूं येत नाहीं तो. प्राकृतांत त्याचें ‘बहिर’ झालें आणि त्यावरून मराठींत ‘बहिरा’ आला. पुढें मूळचा ‘बधिर’ हाहि शब्द ग्रंथांच्या वाटेनें मराठींत राहिला. अशा रीतीनें एकच पाहुणा दोन दारांनीं घरांत शिरला. बहिरा कानापाशीं थांबला. बधिर मात्र ‘मूकबधिर विद्यालय’ या नांवांत कानाचा आणि ‘बधिर झालेला पाय’ म्हणतांना कातडीचा, असा दोन घरीं नांदूं लागला. हा घोळ एकट्या मराठीनेंच केला असें समजूं नये. जर्मन भाषेंतील ‘टाउब्’ या शब्दाचेहि बहिरा आणि बधिर असे दोन्ही अर्थ होतात.

म्हणून भाषांतर करतांना एक प्रश्न स्वतःस विचारावा: येथें काय हिरावलें गेलें? बोरीवलीहून चर्चगेटपर्यंत गाडींत कडी धरून उभें राहिलें म्हणजे हाताला मुंग्या येतात व मग हात बधिर होतो. येथें स्पर्श हिरावला गेला. दांताचा डॉक्टर सुई टोंचून हिरडी बधिर करतो, तेव्हां तेवढ्या जागेची वेदना जाते. मनुष्य जागा असतो. पण मोठ्या शस्त्रक्रियेंत शुद्धीच हरपते. तिला आपण ‘भूल’ म्हणतों. १८४६ सालीं बोस्टन येथें ईथर हुंगवून शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षीं होम्स या डॉक्टरनें या अवस्थेस ‘ॲनस्थीशिया’ हें ग्रीक वळणाचें नांव सुचविलें. १८८४ सालीं कोलर यानें कोकेनचे थेंब घालून केवळ डोळा बधिर करून दाखविला. इंग्रजींत या दोन्ही प्रकारांस तेंच ग्रीक नांव चालतें. आपल्या बोलण्यांत ‘भूल’ व ‘बधिर करणें’ हा भेद आयताच आहे.

दुःखाच्या आघातानें मनाची जाणीव जाते, तेव्हां ‘सुन्न’ हा शब्द योग्य. त्याचें मूळ ‘शून्य’ आहे. ‘बातमी ऐकून ती बधिर झाली’ असें लिहिलें तर वाचकाला तिच्या कानांची काळजी वाटेल. नित्य अन्याय पाहून ज्याला कांहींच वाटेनासें होतें, त्याचें मन मात्र बधिर म्हणावें. ‘डेडन्’ हें क्रियापद याच्या शेजारचें. पण तें आवाजालाहि लागतें. जाड पडद्यानें आवाज दबतो. तो ‘नम्’ होत नाहीं.

हा सारा शब्दच्छल वाटेल. पण एका ठिकाणीं त्यावर माणसाचे हातपाय अवलंबून असतात. कुष्ठरोगाचें एक प्रमुख लक्षण म्हणजे अंगावरील फिकट किंवा लालसर बधिर चट्टा. तो खाजत नाहीं, दुखत नाहीं. म्हणूनच मनुष्य त्याकडे दुर्लक्ष करतो. मुलुंडकडे एका वृद्ध बाईंना ‘अंगावर बधिर चट्टा आहे का?’ असें विचारतांच त्या म्हणाल्या, ‘माझे कान चांगले शाबूत आहेत!’ आपण हंसतों. परंतु अशा उत्तरामुळें एखादा रोगी तपासणींतून निसटूं शकतो. रोगाचे जंतु मज्जातंतूंना इजा करतात, तापलेलें भांडें हाताला कळत नाहीं, भाजलेलें समजत नाहीं, जखमा चिघळतात. मुंबईंत वडाळ्याचें ॲक्वर्थ रुग्णालय १८९० पासून या रोग्यांच्या सेवेंत आहे. हान्सेन यानें १८७३ सालीं रोगाचे जंतु दाखविले. १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें अनेक औषधें एकत्र देण्याची शिफारस केली. आज सहा किंवा बारा महिन्यांच्या औषधांनीं रोग पूर्ण बरा होतो व तीं औषधें सरकारी व महापालिकेच्या रुग्णालयांत विनामूल्य मिळतात. २००५ च्या अखेरीस देशांतील प्रमाण दर दहा हजारांस एकाहून खालीं आलें. तरी नवे रोगी आजहि आढळतात.

तेव्हां घरीं येणाऱ्या आरोग्यसेविकेनें आणि आपणहि शब्द बदलावा. ‘डोळे मिटा, या डागाला कापूस लावला तर कळतो का?’ असें विचारावें. कोशांत ‘नम्’चा अर्थ एका शब्दांत सामावतो, पण ज्याची जाणीव हिरावली गेली आहे, त्याच्यापुढें हा साधा प्रश्न हेंच त्या शब्दाचें उत्तम भाषांतर होय.