नाताळच्या दिवशी निघालेला हुकूम

5 ऑक्टोबर 1910 ला पोर्तुगालमधली राजेशाही संपली. नव्या प्रजासत्ताकाने महिन्याभरात घटस्फोटाला मुभा दिली आणि 25 डिसेंबरला विवाह हा दिवाणी करार असल्याचा हुकूम काढला. नाताळचाच मुहूर्त साधण्यात थोडा खोडसाळपणा असावा, असा माझा संशय आहे. चर्चमध्ये लग्न हौसेने लावा, पण कायद्याने नवरा-बायको व्हाल ते सरकारी नोंदवहीतल्या सह्यांनी. पाठोपाठ 1911 च्या एप्रिलमध्ये चर्च आणि सरकार यांची रीतसर फारकत झाली.

धर्म असा बाहेर गेला, पण त्याने आखलेली चौकट राहिली. हा करार भिन्न लिंगाच्या दोन व्यक्तींमधला, असे तोच हुकूम सांगत होता. हुकूमशहा सालाझारने तर 1940 मध्ये व्हॅटिकनशी करार करून चर्चला मागच्या दाराने आत घेतले. चर्चमध्ये लग्न केलेल्यांना घटस्फोट बंद झाला, तो 1974 च्या क्रांतीनंतर, 1975 मध्ये पुन्हा मिळाला.

पुढची पायरी चढायला 2010 उजाडले. लिस्बनच्या संसदेने विवाहाच्या व्याख्येतली भिन्न लिंगाची अट काढून टाकली. मे महिन्यात पोप बेनेडिक्ट सोळावे पोर्तुगालला येऊन गेले आणि त्यानंतर काही दिवसांतच राष्ट्राध्यक्ष काव्हाको सिल्वा यांनी सही केली. स्वतः कॅथलिक, मनातून विरोधी; पण नकाराधिकार वापरला तरी संसद तोच कायदा पुन्हा मंजूर करील, हे ते जाणून होते. दत्तकाचा हक्क मात्र समलिंगी जोडप्यांना 2016 पर्यंत मिळाला नाही.

1910 चा तो हुकूम गोव्यालाही लागू झाला होता. पोर्तुगालने 1867 ची नागरी संहिता 1967 मध्ये मोडीत काढली, तोवर गोवा मुक्त होऊन पाच वर्षांहून अधिक काळ लोटला होता. त्यामुळे जुनी संहिता आणि जुनी व्याख्या इकडेच राहिली. गोव्यात आजही हिंदू असो वा ख्रिस्ती, लग्न निबंधकाच्या दप्तरी नोंदवावे लागते.

समान नागरी कायद्याची चर्चा निघाली की याच गोव्याचा दाखला देतात. विवाहाची जुनी व्याख्या मात्र इथे टिकून आहे: 17 ऑक्टोबर 2023 ला भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा प्रश्न संसदेकडे सोपवला. पुढच्याच वर्षी उत्तराखंडाने सर्व धर्मांसाठी एकच विवाह कायदा केला. त्यातही विवाह स्त्री-पुरुषांचाच आहे.