गाडी आपलं ऐकते का? छोटी गाडी, टायर आणि सौदीचा उन्हाळा

आजच्या भागाचं निमित्त आहे जुबैलच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न. त्यांच्या घरी पाच वर्षांची छोटी सेडान आहे आणि ती बहुतेक त्याच चालवतात. हल्ली महामार्गावर लेन बदलली की गाडीचा मागचा भाग डुलतो. सुट्टीत चौघांनी ताइफला जायचं ठरलंय. पुण्याहून आलेला मुलगा म्हणतो, स्प्रिंगा बदलून गाडी खाली घेऊ आणि सतरा इंची चाकं लावू. नवरोबा म्हणतात, चालतेय तोवर चालू द्या. ताईंचं म्हणणं एवढंच, की खर्च एकदाच करायचा आहे, तर तो कशावर करू?

प्रश्न अनेक घरांतला आहे, म्हणून सविस्तर बोलू.

‘हँडलिंग’ म्हटलं की तरुण मुलांना वळणावरचा वेग आठवतो. आपल्यासारख्या कुटुंबांसाठी त्याचा अर्थ वेगळा आहे. दम्माम-रियाध रस्त्यावर पुढे अचानक ट्रकच्या फाटलेल्या टायरचा तुकडा दिसला, किंवा रात्री उंट आडवा आला, तर ब्रेक मारून स्टिअरिंग वळवल्यावर गाडी तुमचं ऐकते का? आणि वळवून झाल्यावर लगेच सरळ होते का? हेच हँडलिंग. ते सुधारायचं तर आधी टायर, मग झिजलेले भाग आणि शेवटी हौस. मुलाने यादी उलट्या टोकाकडून धरली आहे.

सुरुवात टायरमधल्या हवेपासून, कारण तिला पैसे लागत नाहीत. गाडी चार टायरांवर उभी असते आणि प्रत्येक टायर जमिनीला टेकतो तो साधारण तळहाताएवढा. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, सगळ्यांचं काम शेवटी त्या चार तळहातांतून होतं.

आपल्याकडे एक समज फार पक्का आहे: उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून टायरमध्ये थोडी कमीच भरावी. श्रोतेहो, सौदीच्या उन्हात हा समज सगळ्यात धोकादायक आहे. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते. तार पुन्हापुन्हा वाकवली की ती कशी गरम होते, तसंच हे रबर आतून तापतं. बाहेर ४५ अंश, डांबर त्याहून कितीतरी तापलेलं, वेग १२० आणि गाडीत चार माणसं व सामान. अशा वेळी टायरचे थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि टायर फुटतो. रस्त्याकडेला दिसणाऱ्या त्या काळ्या पट्ट्यांमागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

हवा तापल्यावर दाब वाढतो, हे खरं. दर १० अंशांना साधारण दीड पीएसआय. पण कंपनीने दिलेला आकडा थंड टायरचा असतो आणि ही वाढ त्यात धरलेली असते. तो आकडा ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावरच्या स्टिकरवर सापडतो. बऱ्याच गाड्यांत भरल्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो; ताइफला जाताना तोच घ्या. दाब सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी मोजा. स्वतःचा छोटा गेज ठेवा. प्रवासात तापलेल्या टायरचा दाब जास्त दिसला, तरी हवा सोडू नका. नायट्रोजन भरला तर तो वाढत नाही, असं कुणी सांगितलं तर लक्षात ठेवा: नायट्रोजन कोरडा असतो, पण तापल्यावर तोही तसाच फुगतो.

आता टायरचं वय. बाजूवर ‘डॉट’ या अक्षरांपुढे शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी उन्हात उभ्या गाडीचं रबर कडक होतं, त्याला बारीक भेगा पडतात. ताईंच्या गाडीचे टायर मूळचेच असतील, तर पाच उन्हाळे झाले. एवढ्या लांबच्या उन्हाळी प्रवासाआधी मी ते बदलेन. नवे घेतानाही तारीख वाचा. दुकानात पडून राहिलेला टायर नवा नव्हे. वापरलेले टायर स्वस्त मिळतात, पण आधी ते कसे वापरले गेले हे आपल्याला कळत नाही. कुटुंबाच्या गाडीला ते नकोच.

टायरवरची अक्षरं कशी वाचायची? समजा लिहिलंय १८५/६० आर १५ ८४ एच. १८५ मिलिमीटर रुंदी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के आणि १५ इंची चाक. ८४ म्हणजे एका टायरवर ५०० किलोपर्यंत भार, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. हे शेवटचे दोन निर्देश मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका. बऱ्याच टायरांवर ‘टेंपरेचर’ या शब्दापुढे ए, बी किंवा सी असतं. उष्णता सोसण्यात ए सर्वांत चांगला; इथे आपण ए घ्यावा. ओल्या रस्त्यावरची पकडही पाहा. इथे पाऊस कमी पडतो खरा, पण पहिल्या सरीत धूळ आणि तेल मिसळून रस्ता साबणासारखा होतो.

मुलाच्या सतरा इंची चाकांचं काय? मोठं चाक आणि बुटका टायर लावला की भिंत कमी वाकते, स्टिअरिंगला उत्तर लवकर मिळतं. हे खरं आहे. पण त्याची किंमत खड्ड्यात आणि मतबवर, म्हणजे इथल्या स्पीडब्रेकरवर, मोजावी लागते. रिम वाकते, टायरला फुगा येतो, आणि जड चाकामुळे सस्पेन्शनचं काम वाढतं. हौस असेलच तर एकच पायरी चढा. १८५/६० आर १५ चा व्यास सुमारे ६०३ मिलिमीटर येतो, १९५/५० आर १६ चा ६०१. म्हणजे स्पीडोमीटर चुकत नाही. मात्र नवी रिम गाडीला योग्य मापाची आहे ना आणि टायर आत कुठे घासत नाही ना, हे तपासून घ्या. खरं सांगायचं तर मूळ मापातला चांगला टायर घेतला, तरी गाडी बदलल्यासारखी वाटते.

आता ताईंची मुख्य तक्रार: मागचा भाग डुलणं. हवा आणि टायर ठीक असतील, तर संशय शॉकॲब्झॉर्बरवर. स्प्रिंग धक्का पेलते. शॉकॲब्झॉर्बर तिचं नाचणं थांबवतो. तो झिजला की टायर रस्त्यावरून क्षणभर हलका होतो आणि हलका टायर ना वळतो, ना थांबतो. त्याच्या नळीवर तेलाचा ओघळ दिसतो का, टायर उंचसखल झिजलाय का, मतब ओलांडल्यावर गाडी दोन-तीनदा डोलते का, ते पाहा. याच वेळी सस्पेन्शनमधले रबरी बुश तपासून घ्या. उन्हाने ते चिरतात, मग खड्ड्यात ‘टक टक’ ऐकू येतं आणि ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते.

सनाइयात जाताना चार शब्द कामाला येतील. टायर म्हणजे कफर, टायरवाला म्हणजे बंशर, शॉकॲब्झॉर्बर म्हणजे मुसाइदात, व्हील बॅलन्सिंग म्हणजे तर्सीस आणि व्हील अलाइनमेंटला म्हणतात वझन अझ्रिआ. शॉकॲब्झॉर्बर नेहमी जोडीने बदला, मागचे दोन किंवा पुढचे दोन. सस्पेन्शनचं काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर नवे टायर एका कडेने झिजतील. तशलीहमधून, म्हणजे भंगार बाजारातून, दार किंवा आरसा आणायला हरकत नाही. शॉकॲब्झॉर्बर मात्र आणू नका. आणि दोनच टायर नवे घ्यायचे असतील, तर ते मागे लावा, गाडीची पुढची चाकं फिरत असली तरीही. पुढची पकड सुटली तर गाडी रुंद वळते आणि वेग कमी केला की सावरते. मागची सुटली तर ती गरकन फिरते.

हे सगळं झाल्यावरही पैसे उरले, तर थोडे घट्ट, चांगल्या प्रतीचे शॉकॲब्झॉर्बर ही सुधारणा खरी उपयोगी. स्प्रिंगा कापून किंवा बदलून गाडी खाली घेणं मात्र मी टाळेन. स्प्रिंगला खाली जायला जागाच कमी राहते. चौघं आणि सामान बसलं की ती रबरी ठोकळ्यावर आपटते, आणि तेही वळणात आपटली तर टायरची पकड एकदम सुटते. ताइफजवळच्या हदा घाटात असं व्हायला नको. शिवाय परवानगीशिवाय गाडीत असे फेरफार करणं इथल्या वाहतूक कायद्यात बसत नाही. फहसमध्ये आणि विम्याच्या दाव्याच्या वेळीही अडचण येऊ शकते.

तेव्हा ताई, तुमची यादी अशी. उद्या सकाळी चारही टायरांचा दाब आणि तारखा पाहा. स्टेपनी विसरू नका. ती बारीक, तात्पुरती असेल तर तिचा दाब साधारण ६० पीएसआय लागतो आणि वेग ८० च्या वर न्यायचा नसतो. मग चार नवे टायर, गरज असेल तर मागचे दोन शॉकॲब्झॉर्बर, चिरलेले बुश आणि शेवटी अलाइनमेंट. हे काम निघण्याच्या आदल्या दिवशी करू नका. आठवडाभर आधी करा, म्हणजे काही आवाज आला तर गॅरेजमध्ये परत जाता येईल.

आणि चिरंजीवांना गाडीखाली नक्की पाठवा. हातात टॉर्च द्या आणि तेलाचा ओघळ कुठे आहे तो शोधून दाखव म्हणावं. नवरोबांनाही शेजारी उभं करा, म्हणजे ‘चालतेय’ आणि ‘ऐकतेय’ यातला फरक त्यांनाही दिसेल.

प्रवास सुखाचा होवो. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.