बंदुकीवरची दुर्बीण आणि रत्नागिरीचा पावसाळा

१० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, नाईक यशवंत घाडगे यांनी शत्रूचं मशीनगनचं ठाणं एकट्याने निकालात काढलं आणि लगेच दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते कोसळले. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या, माणगाव तालुक्यातल्या या बावीस वर्षांच्या शिपायाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. लपून नेम धरणाऱ्यांचा असा धसका तेव्हा दोन्ही बाजूंना होता. त्यांच्यातल्या निवडक लोकांच्या बंदुकांवर बसवलेली दुर्बीण, म्हणजे स्कोप, आता जगभरचे हौशी लोक जमवतात.

यात मोठी मागणी ब्रिटिशांच्या नंबर ३२ स्कोपला. ब्रेन मशीनगनसाठी आखलेला हा स्कोप पुढे ली-एनफिल्ड नंबर ४ (टी) या रायफलवर चढला. वस्तू तीनपट मोठी दिसते, म्हणजे आजच्या हिशेबाने अगदीच बेताची. पण प्रत्येक स्कोप एकेका रायफलशी जुळवलेला असे. त्याचा क्रमांक रायफलच्या लाकडी दस्त्यावर ठोकलेला आणि रायफलचा क्रमांक स्कोपच्या पकडीवर. दोन्ही क्रमांक जुळले तर किंमत चढते, जोडी फुटली तर उतरते.

आपल्याकडे ही जोडी जुळवायचा प्रश्नच येत नाही. या रायफलचं .३०३ हे लष्करी बोअर सामान्य नागरिकाला निषिद्ध. इथल्या संग्राहकाच्या हाती फार तर एकटा स्कोप येणार, आणि माझ्या मते तेच बरं! बंदुकीचा रुबाब बाजूला पडला की माणूस भिंगांकडे नीट बघतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी काही स्कोप रायफलच्या डाव्या अंगाला बसवले, कारण काडतुसं वरून भरायची असत आणि मधोमध दुर्बीण आली तर वाट अडायची. नेम धरताना मान वाकडी करावी लागे. अशा तडजोडींची कथा नुसत्या नळीवरूनही वाचता येते.

खरेदीत मात्र डोळे उघडे हवेत. ‘ओटवे, लंडन, १९१५’ असं कोरलेल्या चकचकीत पितळी दुर्बिणी शोभेच्या दुकानांत सर्रास दिसतात. ओटवे ही खरी कंपनी होती, पण या दुर्बिणी बहुतेक नव्या नकला आहेत, आणि असल्या पितळी नकला घडवण्यात आपलं रुडकीच प्रसिद्ध आहे. अस्सल लष्करी वस्तूवर ब्रिटिश सरकारी मालकीचा बाणाचा शिक्का असतो. तोही खोटा ठोकता येतोच, म्हणून शिक्क्याआधी भिंगं आणि स्क्रूंची झीज बघावी.

रत्नागिरीकराची खरी लढाई त्यानंतर सुरू होते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, वर समुद्राची खारी हवा. दमट हवेत भिंगावरच्या धुळीवर, बोटांच्या तेलकट डागांवर बुरशी रुजते. सुरुवातीला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसतात. तेव्हाच साफ झाली तर ठीक, नाहीतर तिच्या आम्लाने काच कोरली जाते आणि ते व्रण कायमचे राहतात. जुन्या स्कोपमध्ये दोन भिंगं कॅनडा बाल्सम नावाच्या राळेने चिकटवलेली असत. ती राळ सुटू लागली की कडेला इंद्रधनुषी डाग उमटतात. सर्वांत घातक चूक म्हणजे मूळ चामड्याच्या डब्यातच स्कोप ठेवणं. डबा अस्सल आहे म्हणून मोह होतो, पण चामडं ओल धरतं आणि स्वतःच बुरसटतं. डबा वेगळा ठेवावा. स्कोप हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. पुड्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की तापवून पुन्हा कोरड्या कराव्या. आगोटीच्या कामांत पापड-मिरच्यांबरोबर याही पुड्या उन्हात टाकायला हरकत नाही, फक्त उन्हाने पूर्ण वाळतीलच असं नाही. कॅमेऱ्याचं कोरडं कपाट परवडत असेल तर आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. आणि स्क्रू स्वतः उघडू नका, भिंगांची रांग एकदा हलली की परत जुळवणं हे कारागिराचं काम आहे.

परदेशातून मागवायचा विचार असेल तर आधी आयातीचे नियम सीमाशुल्क खात्याकडे आणि शस्त्र परवान्याचे नियम जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून घ्या. शंभर वर्षं ओलांडलेली वस्तू देशाबाहेर पाठवण्याआधी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचीही चौकशी करा.

मंडणगड-दापोलीकडच्या कितीतरी घरांत पलटणीत गेलेल्या आजोबांची ट्रंक माळ्यावर असेल. तिच्यात अशी नळी सापडली तर ब्रासो लावून चकचकीत करू नका. तिच्यावरचे आकडे, आजोबांची पलटण आणि नोकरीची वर्षं एका वहीत लिहून ठेवा. आणि सोबत बंदूक किंवा काडतूस निघालं तर हात न लावता पोलीस ठाण्यात कळवा.