कान किती उंच ऐकतो?

पावसाळा सरत आला की रात्री अंगणाच्या कडेला रातकिड्यांची किरकिर सुरू होते. नातू म्हणतो, "आजोबा, केवढा गोंगाट करताहेत हे!" आजोबा म्हणतात, "कुठं रे? यंदा रातकिडे उरलेच नाहीत." दोघेही खरेच बोलत असतात. रातकिडे आहेत तेथेच आहेत. आजोबांच्या कानाला तेवढा वरचा आवाज येईनासा झाला आहे, आणि तो केव्हापासून येईनासा झाला याचा त्यांना पत्ताही लागलेला नाही.

मोठा आवाज आणि उंच आवाज यांत वाचकांनी गल्लत करू नये. ढोलाचा आवाज मोठा, पण खालचा. पाखराची चिवचिव लहान, पण वरची. एका सेकंदात हवेला जितकी कंपने होतात तितके हर्ट्झ, असा त्याचा हिशेब आहे. माणसाला २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते असे पाठ्यपुस्तकात असते, परंतु त्यातला वरचा आकडा लहान मुलांचा समजावा. विशीत तो साधारण १७,००० वर येतो, चाळिशीत १४-१५ हजारांवर, आणि साठीनंतर १०-१२ हजारांवर. आमच्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी यंत्राचा आकडा चढवीत नेतो, तेव्हा १४,००० च्या पुढे मला नुसती शांतता असते आणि पहिल्या बाकावरची मुले कान झाकून घेतात. त्यांना त्याची मोठी मौज वाटते.

अशी परीक्षा घेण्याची कल्पना जुनी आहे. डार्विनचे भाऊबंद फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७६ मध्ये एक लहानशी शिट्टी तयार केली. स्क्रू फिरवला की तिची नळी आखूड होई आणि आवाज चढत जाई, इतका की माणसाला तो ऐकूच येऊ नये. गाल्टन यांनी ती पोकळ काठीच्या टोकाला बसवली, मुठीजवळ रबराचा फुगा लावला, आणि लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यापिंजऱ्यापुढे ती वाजवीत हिंडले. कोणते जनावर कान टवकारते, ते पाहायचे. मांजरे सर्वांत तिखट कानाची निघाली. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात रस्त्यावर पडलेल्या मोठ्या कुत्र्यांपुढे त्यांनी तासन् तास शिट्टी वाजवली. एकानेही दाद दिली नाही. मोठ्या कुत्र्यांना उंच आवाज येत नाही, असे त्यांनी १८८३ च्या आपल्या ग्रंथात लिहिले. पुढे बरोबर १०० वर्षांनी, १९८३ मध्ये, कुत्र्यांची नीट शिकवून परीक्षा घेतली गेली, तेव्हा लहान-मोठ्या कुत्र्यांच्या ऐकण्यात तसा काही फरक आढळला नाही. बर्नची कुत्री ऐकत असावीत. मान वळवण्याचे त्यांना कारण वाटले नसेल, इतकेच. शिक्षकबंधूंना हे निराळे सांगायला नको!

आता वरचाच आवाज आधी का जातो? आतल्या कानात शंखासारखी वळलेली एक नळी आहे, जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांबीची. तिच्यात सूक्ष्म केसांच्या पेशींच्या रांगा असतात. दाराजवळच्या पेशी उंच आवाज टिपतात, आतल्या टोकाच्या खालचे. ही व्यवस्था गेओर्ग फॉन बेकेशी यांनी उलगडून दाखवली आणि त्यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दाराजवळच्या पेशी आधी थकतात, आणि माणसाच्या कानात मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. कोंबडीच्या कानात उगवते, हे १९८० नंतरच्या दशकात कळले. आपल्याला मात्र ते भाग्य नाही.

ही परीक्षा घरी घेता येते, पण आमच्या मध्यम लहरींच्या रेडिओवरून नाही, कारण त्यावरून पाच हजारांच्या वरचे फारसे काही तुमच्यापर्यंत पोचतच नाही. मोबाइलवर असे आवाज काढणारी साधने फुकट मिळतात. खोली शांत असावी. आवाज बोलण्याइतकाच ठेवा. ऐकू येत नाही म्हणून वाढवत नेऊ नका, कारण न ऐकू येणारा आवाजही कानाला इजा करू शकतो. ८,००० पासून हजारहजारांनी चढा. फोन दुसऱ्याच्या हाती द्या, तुम्ही पाठ करून बसा, आणि त्याने कधी आवाज सुरू ठेवावा, कधी बंद. नाहीतर आवाज चालू आहे असे ठाऊक असले की मनालाच तो ऐकू येऊ लागतो. शेजारी एक दहा वर्षांचे पोर जरूर बसवा. त्याला ऐकू आले आणि तुम्हाला नाही, तर गोष्ट कानाची. दोघांनाही नाही, तर बहुधा फोनची.

कुणी म्हणेल, १५,००० हर्ट्झ गेले तर आमचे काय अडले? काही नाही. बोलणे बहुतेक सारे ८,००० च्या खाली असते, आणि इस्पितळातली नेहमीची कर्णपरीक्षाही तेथेच थांबते. पण ही ओहोटी वरून खाली येत राहते. त्यातच मळणीयंत्र, जनरेटर, वरातीतले कर्णे यांचा गोंगाट वर्षानुवर्षे कानावर पडला, तर ४,००० हर्ट्झच्या आसपास वेगळाच खड्डा पडतो. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो गोंगाट कानाला घातक समजावा आणि कानात बोंडे घालावीत. साधा कापूस तेथे पुरत नाही.

आणि मग 'स' जातो. आपले स्वर खालच्या पट्टीत असतात. 'स', 'श', 'फ' यांची फुसफुस वरच्या. साध्या टेलिफोनच्या तारेवरून ३,४०० च्या वरचे जात नाही, म्हणून पलीकडचा 'स' म्हणाला की 'फ', हे कळेना होते. म्हाताऱ्या कानाची तीच गत. 'सात' म्हणा की 'हात', त्याला 'आत' एवढेच पोचते. घरचे म्हणतात, "यांना हवं तेवढं बरोबर ऐकू येतं." खरे म्हणजे त्यांना ऐकू येते, पण उमगत नाही. तोंडापुढे कागद धरून हलक्या आवाजात 'सात, हात, पात', 'कास, काप, काठ' असे शब्द म्हणा आणि ते परत म्हणायला लावा. चुका 'स'वरच होत असतील तर जिल्हा रुग्णालयात नाक-कान-घसा विभागात दाखवा. वर्गात मागे बसून भलतेच उत्तर देणाऱ्या मुलालाही एकदा असे तपासावे. मुलांत पुष्कळदा मळ किंवा कान वाहणे एवढेच निघते आणि उपाय होतो.

आजोबांशी ओरडून बोलू नका. ओरडल्याने स्वर मोठे होतात, 'स' जवळजवळ तेवढाच राहतो. समोर बसा, तोंडावर उजेड पडू द्या, आणि जरा सावकाश बोला.